आधी खोली रिकामी करा म्हणे!

छोट्या आगगाड्यांच्या छंदावरचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या दहा पानांत एक सल्ला असतोच असतो. लेआउटसाठी घरातली एखादी जास्तीची खोली घ्या, ती पूर्ण रिकामी करा, भिंती रंगवा आणि मग सुरुवात करा. बहुतेक पुस्तकं परदेशातली, तेव्हा ते एक वेळ समजून घेता येईल. पण हल्ली आपल्याकडचे छंदिष्टही तेच बोलायला लागले आहेत. नवख्या माणसाने काही विचारलं की पहिला प्रश्न, "खोली रिकामी आहे का?" नाही म्हटलं की, "मग आधी ती करा."

मला या सल्ल्याचा राग आहे. साधासुधा नाही, चांगला खणखणीत राग आहे. म्हणून हे लिहायला घेतलं.

मुळात जास्तीची खोली ही चीज आपल्या घरांत असते कुठे? जिला आपण जास्तीची म्हणतो तीच घरातली सगळ्यात भरलेली खोली असते. आमच्या मनमाडच्या घरातलीच घ्या. दहा बाय नऊ. दारातून आत शिरलं की डाव्या भिंतीशी पाण्याची दोन निळी पिंपं (आमच्याकडे टिपाड म्हणतात), दोनशे लिटरचं एकेक. समोर खिडकी, तिला बाहेरून कूलर. खिडकीखाली शिलाई मशीन. उजव्या कोपऱ्यात आरसीसीचा खांब, घर बांधणाऱ्याच्या कृपेने चांगला नऊ इंच आत आलेला. उजव्या भिंतीशी गव्हाची पत्र्याची कोठी आणि तिच्या शेजारी लोखंडी खाट. खाटेवर गाद्यांची चळत, जिचा उपयोग लग्नसराईत आणि दिवाळीत होतो, पण जागा ती बाराही महिने अडवते. माळ्यावर काय आहे ते आईला आणि परमेश्वराला ठाऊक.

आता यातलं नेमकं काय काढायचं?

मनमाडबाहेरच्या वाचकांना त्या पिंपांचं महत्त्व कळणार नाही, म्हणून सांगतो. या गावाने वर्षानुवर्षं पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळाला पाणी पाहिलं. वागदर्डी धरण आटलं की पालखेडच्या आवर्तनाची वाट बघायची. ज्या दिवशी पाणी सुटेल त्या दिवशी घरात जेवढं म्हणून भांडं आहे तेवढं भरायचं. सोयरीक जुळवताना मुलीकडचे पाण्याची चौकशी करत ते काही उगाच नाही. अशा गावात "पिंपं हलवा, तिथे ट्रॅक वळवायचाय" असं म्हणणारा माणूस छंदिष्ट नव्हे, बेजबाबदार आहे.

आणि इथेच माझ्या भांडणाचं मूळ आहे. खोलीतल्या अडथळ्यांना हे लोक "अडथळे" म्हणतात. पण जरा नीट बघा, ते अडथळे कोणाचे आहेत? पिंपं आणि कोठी स्वयंपाकघराची, म्हणजे आईची. शिलाई मशीन बायकोचं. गाद्या येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. खोलीतली प्रत्येक वस्तू म्हणजे घरातल्या कोणाचा तरी त्या खोलीवरचा हक्क आहे, आणि तो माझ्या आगगाडीच्या आधीचा आहे. "खोली रिकामी करा" याचा सरळ मराठीत अर्थ होतो, घरातल्या बायकांना सांगा की तुमचं सामान दुसरीकडे न्या, साहेबांना खेळायचंय. मी पाहिलेल्या अशा 'स्वतंत्र' खोल्यांपैकी बहुतेकींतून बाहेर गेलेल्या वस्तू बायकांच्याच होत्या. बाहेर गेलेली एखादी वस्तू पुरुषाची होती, असं एकही उदाहरण मला आठवत नाही. कोणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

बरं, एवढं करून साधतं काय? जरा हिशोब मांडू. हिशोबाचं वावडं असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील, पण माझा खरा मुद्दा त्यांतच आहे.

आपल्या रेल्वेच्या नियमांप्रमाणे ब्रॉडगेजचं सगळ्यात तीव्र वळण दहा अंशांचं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचं. मीटरगेजला सोळा अंश, १०९ मीटर. अडीच फुटी नॅरोगेजला चाळीस अंश, ४४ मीटर. जगात सगळ्यात जास्त खपणारं मॉडेलचं प्रमाण १:८७. त्या प्रमाणात ब्रॉडगेजच्या वळणाची त्रिज्या होते दोन मीटर, म्हणजे पूर्ण वेढ्याचा व्यास चार मीटर. माझी खोली तीन मीटर पाच सेंटिमीटर लांब आहे. पिंपं काढा, कोठी काढा, खाट काढा, हवं तर मलाही काढा, चार मीटर तीनमध्ये बसत नाहीत. गाडीचंही तेच. चोवीस-चोवीस मीटरच्या बावीस डब्यांची एक्स्प्रेस इंजिन सोडून ५२८ मीटर भरते, आणि १:८७ ने सहा मीटरच्या वर जाते. या टोकाच्या भिंतीपासून त्या टोकाच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायची पाळी.

मग रिकाम्या खोलीवाले काय करतात? दुकानात मिळणारं तयार वळण आणतात, ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं. त्याला ८७ ने गुणा. येतात ३१ मीटर. म्हणजे ज्या वळणावर खरी अडीच फुटी नॅरोगेजसुद्धा नियमाप्रमाणे जाणार नाही अशा वळणावर ही मंडळी राजधानी एक्स्प्रेस पळवतात आणि वर मला शिकवतात की पिंपांमुळे तुझा लेआउट 'तडजोडीचा' होईल! शिवाय १:८७ ला जे १६.५ मिलिमीटरचे रूळ वापरतात ते परदेशी स्टँडर्ड गेजचे. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर धरले तर रूळ १९ मिलिमीटरच्या वर हवेत. तडजोड सगळ्यांचीच आहे. फक्त माझी पिंपं दिसतात आणि त्यांची तडजोड दिसत नाही, इतकाच फरक.

खऱ्या रेल्वेला तरी रिकामी खोली कुठे मिळाली होती? ब्रॉडगेज भोर घाटावर १८६३ साली पोचली तेव्हा चढ होता सदतिसात एक आणि वळायला डोंगरावर जागा नव्हती. इंजिनिअरांनी सह्याद्रीला 'जरा सरका' म्हटलं नाही. त्यांनी खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन बांधलं. गाडी एका दिशेने वर यायची, थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट दिशेने पुढे चढायची. १९२९ सालापर्यंत हे चाललं. माथेरानची गाडी बघा. १९०७ साली आदमजी पीरभॉयांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने पूर्ण केलेली दोन फुटी लाइन. डोंगराची कड जशी फिरते तसे रूळ फिरतात, अठरा मीटर त्रिज्येपर्यंतची वळणं आहेत तिथे. लोक आज ती गाडी बघायला जातात ते डोंगर असूनही ती चालते म्हणून नव्हे, डोंगरामुळे ती तशी झाली म्हणून.

आणि आमचं मनमाड? हे गाव नकाशावर ठळक झालं तेच मुळी एका अडथळ्यामुळे. निजामाच्या राज्यातली गोदावरी खोऱ्याची लाइन १९०० च्या सुमारास मनमाडला येऊन टेकली ती मीटरगेज. जीआयपी रेल्वे ब्रॉडगेज. दोन्हींच्या रुळांत सदुसष्ट सेंटिमीटरांचा फरक. म्हणजे हैदराबाद, परभणी, औरंगाबादकडून आलेला माल इथे उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या वाघिणींत चढवायचा. मधे फलाट, एका बाजूला ठेंगण्या वाघिणी, दुसऱ्या बाजूला थोराड, आणि मधून पाठीवर गोण्या घेतलेले हमाल. प्रवाशांचीही तीच तऱ्हा, ट्रंका-वळकट्या घेऊन या गाडीतून त्या गाडीत. त्या सदुसष्ट सेंटिमीटरांवर किती हमालांची, चहावाल्यांची, खाणावळवाल्यांची घरं चालली असतील! १९९० च्या दशकात मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकली. झालं ते चांगलंच झालं, यात मला शंका नाही. म्हातारी माणसं, आजारी माणसं मध्यरात्री सामान घेऊन फलाट बदलत होती, त्यात काय रम्य होतं? पण त्या सगळ्या कारभाराचं मनमाडात आज काय उरलंय, ते मला सांगा. रेल्वेच्या कारखान्यात पुलांचे गर्डर १९०६ सालापासून बनतात, त्याची निदान गावाला आठवण आहे, भोंगा ऐकून घड्याळ लावणारी पिढी अजून आहे. मीटरगेजचं मात्र बघायला जावं असं काही नाही. त्या शेडमधे काम केलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना विचारलं तर खडूने जमिनीवर नकाशा काढून दाखवतात, कुठली लाइन कुठे, क्रेन कुठे, चहाची टपरी कुठे. तो नकाशा दुसऱ्या दिवशी केरसुणीने जातो.

म्हणून मला घाई आहे. "जागा झाली की करू" हे वाक्य मी या गावात इतक्यांदा ऐकलंय, की ते कमानीवर कोरून ठेवायला हरकत नाही. मोठं संग्रहालय होईल तेव्हा होवो. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली उभं केलं तसं गावोगाव व्हावं, मी पहिला तिकीट काढीन. जोशींचं काम अफाटच आहे, एका माणसाच्या आयुष्यभराच्या ध्यासातून ते उभं राहिलंय, गाड्या, घाट, सर्कस, रात्रीचे दिवे सगळं आहे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या शंभरातले नव्व्याण्णव जण काय म्हणतात? "मस्त आहे, पण आपल्याकडे एवढी जागा कुठे?" एवढं सुंदर काम बघून माणसं नेमका उलटा धडा घेऊन घरी जातात, याचं मला वाईट वाटतं. दोष जोशींचा नाही. दोष त्या 'रिकाम्या खोली'वाल्या विचाराचा, जो डोक्यात आधीच बसलेला असतो.

जागा नसलेल्यांची म्हणून या छंदात स्वतंत्र परंपरा आहे, हेही कोणी सांगत नाही. इंग्लंडात सिरिल फ्रीझर नावाच्या संपादकाने १९५७ साली 'मिनोरीज' नावाचा आराखडा छापला, शहरातलं टर्मिनस एका अरुंद फळीवर बसवणारा. सत्तर वर्षं होत आली, लोक अजून तो बांधतात. ॲलन राइटचं 'इंगलनुक' तर त्याहून गमतीचं. तीन सायडिंगा, एकीत पाच वाघिणी मावतात, दुसऱ्या दोन्हींत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या टाकून पाच काढायच्या आणि निघालेल्या क्रमाने गाडी लावायची. हेडशंटवर इंजिन आणि तीनच वाघिणी मावतात, त्यामुळे डोकं खाजवावं लागतं. क्रम किती होतात? ६७२०. रोज एक लावला तरी अठरा वर्षं पुरेल. आणि हे सगळं सव्वा-दीड मीटरच्या फळीवर. जागा वाढवली तर खेळ उलट सोपा होतो आणि मजा जाते. म्हणजे इथे अडचण हाच खेळ आहे.

तर मी काय केलं ते सांगतो. प्रमाण घेतलं १:१००. शुद्धतावाद्यांनी कानांवर हात ठेवावेत. एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर, शाळेच्या पट्टीने मोजता येतं. बाजारात मिळणारे १६.५ मिलिमीटरचे रूळ या प्रमाणात १६५० होतात, ब्रॉडगेजच्या अगदी जवळ. ९ मिलिमीटरचे ९०० होतात, मीटरगेजपेक्षा थोडे अरुंद, पण दोन्ही शेजारी ठेवले की मनमाडचं यार्ड ओळखू येतं. मीटरगेजचं १०९ मीटरचं वळण होतं १०९ सेंटिमीटर. एवढं मोठं वळण कोपऱ्यात घातलं की कोपरा आपोआप मोकळा सुटतो, कारण कमान कोपऱ्याच्या बरीच अलीकडून निघून जाते. त्या मोकळ्या जागेत खांब. त्या खांबाला आता डोंगर चिकटवलाय, वर अंगठ्यासारखा सुळका. हडबीची शेंडी! मनमाडच्या माणसाला सांगावं लागत नाही. (पाहुणे थम्सअप म्हणतात. म्हणोत.) खरी लाइनही अनकाई-टनकाईचे डोंगर फोडून जात नाही, वळसा घालूनच जाते. खांब काढता आला असता तरी मी काढला नसता.

फळी भिंतीला लागून, जमिनीपासून १३५ सेंटिमीटरवर. पिंपाची उंची नव्वद. वर उरतात पंचेचाळीस, कळशी बुडवायला पुरेशी, पण पिंप धुवायचं म्हटलं की पुरत नाही. म्हणून पिंपांवरचा सव्वा मीटरचा तुकडा उचलून बाजूला ठेवता येतो. तो अर्थातच गर्डरचा पूल आहे. मनमाडात दुसरं काय असणार! पुलाच्या अलीकडच्या-पलीकडच्या अर्ध्या मीटर रुळांना वीज पुलाच्या खिट्ट्यांतूनच जाते. पूल उचलला की ते रूळ मुके होतात आणि गाडी आपोआप थांबते, पिंपात पडत नाही. नळाला पाणी सुटलं की बायको आतून ओरडते, "अहो, ब्लॉक!" आणि लाइन बंद. दोन तास. खऱ्या रेल्वेवर हेच चालतं, आधी ब्लॉक आणि मग गाड्या. मला तरी यात काही कमीपणा वाटला नाही.

मशीनला धक्का नाही, कारण फळी मशीनच्या वर आहे. उलट फळीखाली लावलेल्या दिव्यामुळे सुई ओवायला बरं पडतं, असं प्रशस्तिपत्र मिळालेलं आहे. कूलरच्या समोरून फक्त बोटभर रुंदीची पट्टी जाते, वॉर्निश मारलेली. तिथे पुठ्ठ्याचं एकही घर नाही, कारण मे महिन्यात कूलरच्या ओलीने पुठ्ठा फुगतो. कोठीचं वरचं झाकण फळीखाली उघडत नाही, पण धान्य खालच्या तोंडाने निघतं, आणि वर्षातून एकदा गहू भरताना कोठी पुढे ओढायची. गाद्या जिथल्या तिथे. त्यांच्या वर मालाची शेड. ऐंशीच्या घरातल्या एका गृहस्थांनी येऊन ती बघितली, क्रेन चुकीच्या बाजूला आहे म्हणाले आणि स्वतःच उचलून ठेवली. त्यासाठी त्यांना गादीवर गुडघे टेकावे लागले. खोली रिकामी असती तर स्टूल शोधावं लागलं असतं.

आता विरुद्ध पक्षाचं एक मात्र मान्य करतो. 'जागा नाही' ही कामचुकारांची सबबही होऊ शकते. वेडावाकडा जोडलेला ट्रॅक आणि दर दुसऱ्या वाघिणीला रुळावरून घसरणारी गाडी हे खोलीच्या नव्हे, हाताच्या आळसाचं लक्षण. सांधा सरळ हवा म्हणजे हवाच, मग तो महालात असो की माळ्याखाली. पण हे त्यांनी म्हणावं आणि तेवढंच म्हणावं.

परवा पुण्याचा एक मित्र आला होता. या छंदातला जाणकार, त्याच्याकडे खरोखरच स्वतंत्र खोली आहे (मुलीची होती, ती लग्न होऊन गेली). सगळं बघून म्हणाला, "अरे, छान आहे, पण तुमची ती करंजवणची योजना झाली की रोज पाणी. मग पिंपं जातील. तो पूल कायमचा बसव आणि खाली फिडल यार्ड कर. थांबला असतास तर एवढी यातायात वाचली असती."

मी त्याला आईकडे पाठवलं. आई म्हणाली, "रोज पाणी आलं तरी एक पिंप मी भरून ठेवणारच. या गावात जन्म गेलाय माझा." दुसऱ्या पिंपाबद्दल तिने अजून काही कबूल केलेलं नाही.